पॅप स्मिअरचा रिपोर्ट आला, कॉल्पोस्कोपीची तारीख लांबची आहे: मधले दिवस कसे काढायचे

माझा रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. गॅसवर कुकर होता आणि हातात लॅबची पीडीएफ. आत एका ओळीत लिहिलं होतं एएससी-यूएस, त्याच्या खाली हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह. मी हाय रिस्क एवढंच वाचलं, पुढचं काही डोळ्यांना दिसलंच नाही. क्लिनिक थेट सोमवारी उघडणार होतं. सोमवारी गेले तर डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, कॉल्पोस्कोपी करून बघू, म्हणजे गर्भाशयाच्या पिशवीचं तोंड दुर्बिणीसारख्या यंत्रातून जवळून बघायचं, आणि तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची, कारण त्यांच्याकडे ही तपासणी आठवड्यातून एकच दिवस होते आणि मधल्या एका तारखेला माझी पाळी येत होती.

ते पाच आठवडे मला तपासणीपेक्षा कितीतरी जड गेले. तपासणी वीस मिनिटांत आटोपली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आहे आणि पुढची तारीख लांब आहे त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, पण त्या दिवसांत जे विचारून घेतलं, जे नीट समजून घेतलं आणि ज्याचा खरंच उपयोग झाला तेच सांगते. मला कळलेली मोठी गोष्ट अशी की भीती जिथे माहिती नसते तिथे येऊन बसते. त्यामुळे एकेक रिकामी जागा भरत गेलं की तिला बसायला जागा कमी उरते. "टेन्शन घेऊ नको" असं मला निदान दहा जणींनी सांगितलं असेल, त्याने काडीचाही फरक पडला नाही.

पहिलं काम: रिपोर्टमध्ये नक्की काय लिहिलंय ते समजून घ्या

पॅप स्मिअर म्हणजे कॅन्सरचं निदान नाही. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी ब्रशने घेऊन बघतात, त्यांचं रूप बदललंय का एवढंच त्यातून कळतं. एएससी-यूएस म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसताहेत पण का ते सांगता येत नाही. नॉर्मल नसलेल्या रिपोर्टांत हाच सगळ्यात जास्त वेळा येतो. एलएसआयएल म्हणजे हलका बदल, आणि एचएसआयएल म्हणजे जास्त बदल, ज्याच्याकडे लवकर बघावं लागतं. एचएसआयएल म्हणजेसुद्धा कॅन्सर नव्हे, पण तारीख जवळची हवी, हे लक्षात ठेवा.

आता ते हाय रिस्क. हे नाव एचपीव्ही या व्हायरसच्या जातीचं आहे, तुमच्या तब्येतीचं नाही. एचपीव्हीचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यातले साधारण १४ कॅन्सरशी जोडलेले म्हणून त्या गटाला हाय रिस्क म्हणतात. त्यातही १६ आणि १८ हे दोन नंबर महत्त्वाचे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी जवळपास ७० टक्के या दोघांमुळे होतात, म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये नंबर दिलेत का ते बघा आणि डॉक्टरांना विचारा. पण व्हायरस असणं आणि आजार होणं यात फार मोठं अंतर आहे. बहुतेक बायकांचं शरीर हा व्हायरस वर्ष-दोन वर्षांत आपला आपण घालवतं. जो जात नाही, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहतो, त्याच्यामुळे त्रास होऊ शकतो, आणि तिथेही प्रतिकारशक्ती बरी असेल तर कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर हा काळ कमी असतो, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

हे सगळं मी एका कागदावर माझ्या शब्दांत लिहून काढलं आणि रिपोर्टच्या फाईलमध्येच ठेवलं. रात्री घाबरून फाईल उघडली की आधी तो कागद हातात यायचा.

दुसरं काम: "एवढे दिवस थांबलं तर चालेल का" हा प्रश्न सरळ विचारा

बऱ्याच जणींना हे विचारायला संकोच वाटतो, डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. अजिबात नाही येत. मी विचारलं, मॅडम, पाच आठवड्यांत हे वाढणार नाही ना? त्या म्हणाल्या, हे आठवड्यांत वाढणारं प्रकरण नाही, वर्षांचं आहे, तसं वाटलं असतं तर मी तुम्हाला उद्याच बोलावलं असतं. हे एक वाक्य मी पुढे किती वेळा मनात म्हटलं असेल त्याला मोजमाप नाही.

लगेच दुसरा प्रश्नही विचारा, मध्ये काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं? मला सांगितलं ते असं. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्तस्राव, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी, अंगावरून घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाण्यासारखं जाणं, ओटीपोटात सतत दुखणं. यातलं काही असेल तर फोन करून तारीख अलीकडे घ्यायची. ही यादी हातात आली की एक चांगली गोष्ट होते, दिवसभर अंगाकडे कान लावून बसायची गरज उरत नाही, कारण कशाकडे लक्ष द्यायचं आणि कशाकडे नाही ते ठरलेलं असतं. मला त्या काळात पाठ दुखली तरी वाटायचं हे त्याचंच आहे, मग यादी बघायचे, यादीत पाठ नव्हती.

तिसरं: गुगलला वेळ ठरवून द्या

अजिबात सर्च करू नका असं सांगणार नाही, ते कोणालाच जमत नाही. मी ठरवलं की दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहा ते सव्वासहा, आणि ते पण हातात वही घेऊन. दिवसभरात जी शंका येईल ती वहीत लिहायची आणि स्वतःला सांगायचं की सहा वाजता बघू. काळजीसाठी अशी वेळ बांधून देणं ही समुपदेशक लोकांची जुनी पद्धत आहे. गंमत अशी की सहा वाजेपर्यंत अर्ध्या शंका शिळ्या झालेल्या असायच्या. सव्वासहाला वही बंद, आणि जी शंका उरली ती डॉक्टरांना विचारायच्या पानावर.

रात्री अंथरुणात मात्र मुळीच नाही. आणि बायकांच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका, कारण तिथे ज्यांचं सगळं ठीक झालं त्या पुढे निघून गेलेल्या असतात, आणि वाचायला मिळतात त्या सगळ्यात वाईट गोष्टी.

रात्रीचं काय करायचं

दिवस कामात जातो, पोरांचे डबे, ऑफिस, भाजी. रात्र मोकळी असते. मला साडेतीनला जाग यायची, छाती धडधडायची आणि वाटायचं की आत्ताच काहीतरी कळलं पाहिजे. साडेतीन वाजता काहीच कळणार नसतं, लॅब बंद, डॉक्टर झोपलेले. म्हणून त्या वेळेसाठी मी दोनच गोष्टी ठेवल्या.

एक श्वासाची. नाकाने चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत हळूहळू बाहेर, पोटावर हात ठेवून, पाच मिनिटं. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवला की हृदयाचे ठोके खरोखर हळू पडायला लागतात, शरीराची रचनाच तशी आहे. पहिल्या मिनिटात काही वाटत नाही, तिथेच सोडून देऊ नका. दिवसा बरं वाटत असतानाही दोनदा करा, म्हणजे रात्री आपोआप जमतं. हाच श्वास पुढे तपासणीच्या टेबलवर लागणार आहे.

दुसरी, आजूबाजूला बघायचं. पाच वस्तू दिसताहेत त्यांची नावं मनात घ्यायची, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज, दोन वास, एक चव. माझं बहुतेक आवाजांवरच अडायचं, पंखा, कुत्रं, आणि तिसरा शोधता शोधता मन जागेवर यायचं. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून बसायचे, मंद दिव्यात शेंगा सोलायच्या किंवा कपड्यांच्या घड्या घालायच्या, फोन दुसऱ्या खोलीत. दुपारी चारनंतर चहा बंद केला, हे फार जड गेलं पण झोपेला फरक पडला.

पण रोजच झोप उडाली, जेवण जाईना, सारखं रडू यायला लागलं किंवा जगायलाच नको असं मनात आलं, तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

घरात कोणाला सांगायचं

सगळ्यांना सांगू नका, कोणालाच न सांगणंही नको. एक माणूस निवडा जो ऐकून घेईल आणि उपाय सुचवत बसणार नाही. मी माझ्या जावेला सांगितलं, आणि तिला स्पष्ट म्हणाले, तू मला धीर देऊ नको, फक्त त्या दिवशी माझ्याबरोबर चल.

नवऱ्याशी बोलणं हा वेगळाच घाट आहे, कारण एचपीव्ही संबंधातून पसरतो हे वाचलं की पहिला विचार येतो तोच येतो. त्याने बाहेर काही केलं का, किंवा तो माझ्यावर संशय घेईल का. याच्यावर थोडं थांबून सांगते, कारण या एका गैरसमजाने घरं हलतात. ज्यांचा शरीरसंबंध आला आहे अशा बहुतेक सगळ्यांना, बाईला आणि पुरुषाला, आयुष्यात कधी ना कधी हा व्हायरस लागतो. तो वर्षानुवर्षं काही लक्षण न दाखवता राहू शकतो, शांत पडून राहून पुन्हा टेस्टमध्ये दिसू शकतो. त्यामुळे आज पॉझिटिव्ह आला म्हणजे तो केव्हा आला, कोणाकडून आला, हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. रिपोर्ट हा कोणाच्याही वागणुकीचा पुरावा नाही. पुरुषांसाठी याची रुटीन टेस्टही नसते. मला हे स्वतःच्या तोंडाने सांगायला जमेना म्हणून मी नवऱ्याला डॉक्टरांकडे बरोबर नेलं आणि त्यांनाच त्याला समजवायला सांगितलं. बाहेर आल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मला आधी का नाही सांगितलंस.

"पिशवीच काढून टाक, कटकट नको"

हे कोणीतरी म्हणणारच, शेजारीण, मावशी, नणंद, कधी कधी एखादा डॉक्टरसुद्धा. आणि भीतीच्या भरात हे पटतं, एकदाचा सोक्षमोक्ष होईल असं वाटतं. कृपा करून इथे थांबा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्या गेल्या, २०१९ मध्ये ते प्रकरण बाहेर आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या अनेकींना कॅन्सर होईल अशीच भीती घातली गेली होती. नुसत्या पॅप स्मिअरच्या रिपोर्टवर पिशवी काढायची नसते. आधी कॉल्पोस्कोपी, गरज असेल तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तो लॅबमध्ये तपासणं, मग त्या रिपोर्टप्रमाणे ठरतं. हलका बदल असेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, जास्त असेल तर तेवढाच भाग काढायचे किंवा जाळायचे छोटे उपाय आहेत आणि पिशवी जागेवर राहते. कोणी घाईने ऑपरेशनची तारीख देत असेल तर सगळे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. रिपोर्टच्या कॉपी मिळणं हा तुमचा हक्क आहे.

आणि याच्या उलटही सांगते. भीतीने तारीख चुकवणं, पुढे ढकलणं, दिवाळी होऊ दे मग जाऊ, हे त्याहून वाईट. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास केला होता, २००९ मध्ये तो जगभर छापून आला. आयुष्यात एकदा एचपीव्ही टेस्ट आणि मग लागेल तो उपचार, एवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या गावाकडच्या बायका होत्या, शेतातून येऊन तपासून गेलेल्या. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की हा रिपोर्ट माझ्या विरुद्ध नाही, माझ्या बाजूने आहे, वेळेत सापडलंय.

तपासणीच्या आधीचा आठवडा

तारखेला पाळी येत असेल तर आधीच फोन करा, रक्त जास्त असेल तर नीट दिसत नाही. आधीचे दोन दिवस संबंध नको, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम नको, आतून धुणं तर कधीच नको. दिवस गेले असण्याची शक्यता असेल, आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. तासभर आधी दुखायची गोळी घेऊ का आणि कुठली, हे त्यांनाच विचारा.

प्रश्नांचं पान लिहून न्या, तिथे गेल्यावर काही आठवत नाही. माझे पाच होते: तुम्हाला काय दिसलं, बायोप्सी घेतली का, रिपोर्ट किती दिवसांनी आणि तो मला कोण सांगणार, तोपर्यंत काय टाळायचं, पुढची तारीख कधी. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मी तर सांगूनच टाकलं की पीडीएफ पाठवायच्या आधी मला फोन करा, शुक्रवारी संध्याकाळी नको.

बॅगेत एक पॅड, जुने सगळे रिपोर्ट, पाण्याची बाटली. कपडे असे घाला की फक्त खालचे काढावे लागतील, लांब कुर्ता किंवा साडी, म्हणजे अंग झाकलेलं राहतं, आणि पायात मोजे, कारण ती खोली गार असते आणि पाय गार पडले की अंग आणखी आखडतं. खाऊन जा, उपाशी गेलं की चक्कर येते.

टेबलवर

काय होतं ते आधी माहीत असलं की निम्मी भीती जाते. पॅप स्मिअरला घालतात तेच स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरून ठेवायचं साधन, घालतात, आणि बाहेर उभं असलेलं एक दुर्बिणीसारखं यंत्र असतं त्यातून बघतात, ते आत जात नाही. मग कापसाने व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावतात, थोडं चुरचुरतं, बदललेला भाग पांढरा दिसतो. नंतर तपकिरी आयोडीन. कुठे शंका वाटली तर दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात, जोरात चिमटा काढल्यासारखं वाटतं, एक कळ येते आणि जाते. सगळं मिळून दहा ते वीस मिनिटं.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी सांगा. मला भीती वाटतेय, आणि मी हात वर केला की थांबायचं. हे बोलायला लाजू नका. छोटं स्पेक्युलम आहे का विचारा. पुरुष डॉक्टर असतील तर खोलीत बाई हजर असणं हा तुमचा हक्क आहे, सिस्टर असो की तुमच्या बरोबरची. पूर्वी कधी कोणी जबरदस्ती केली असेल, किंवा आधीच्या तपासणीत फार दुखलं असेल, तर कारण न सांगता एवढंच म्हणा की मला आतली तपासणी फार अवघड जाते, तुम्ही हळू करा आणि प्रत्येक वेळी सांगून करा.

स्पेक्युलम घालताना तोच लांब श्वास बाहेर सोडायचा आणि कंबर टेबलवर जड सोडायची, वर उचलायची नाही. बायोप्सीच्या क्षणी मला मॅडमनी खोकायला सांगितलं, खोकले आणि तेवढ्यात झालंसुद्धा. सिस्टरने हात धरला होता. मी एकशे आठपर्यंत मोजायचं ठरवलं होतं, बासष्टला त्या म्हणाल्या, उठा.

घरी आल्यावर, आणि दुसरी वाट

बायोप्सी झाली असेल तर रक्त थांबवायला औषध लावतात, त्यामुळे दोन-तीन दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं जातं. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी ते बघून हादरले, म्हणून मुद्दाम लिहितेय. थोडं रक्त आणि पाळीसारखं दुखणं चालतं. तासाला एक पॅड भिजायला लागलं, ताप आला, घाण वास आला किंवा पोटात फार दुखलं तर मात्र लगेच जायचं. संबंध आणि आत काही ठेवणं डॉक्टर सांगतील तेवढे दिवस बंद. त्या दिवशी सुट्टी घ्या, स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करू दे.

मग बायोप्सीची वाट, ही छोटी असते पण चिडवणारी. बायोप्सीत पेशी किती बदलल्यात ते सीआयएन १, २, ३ असं लिहितात, १ म्हणजे हलका बदल. इथे मी उलटं केलं, आधीच दोन रकाने लिहिले: सीआयएन १ आला तर काय, सीआयएन २ किंवा ३ आला तर काय, आणि दोन्हींखाली डॉक्टरांनी सांगितलेली पुढची पायरी. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप जातो, वर्षभराने पुन्हा टेस्ट. २-३ असेल तर तो भाग काढायची छोटी प्रक्रिया, वय आणि मुलं हवीत का हे बघून. दोन्हीकडे पुढे रस्ता आहे हे डोळ्यांनी दिसलं. लेकीच्या एचपीव्ही लसीचं पण तेव्हाच बघितलं, पुण्याच्या सीरमने केलेली लस आहेच, ९ ते १४ वयात दोन डोस पुरतात, आणि वाट बघताना हाताला काहीतरी उपयोगी काम मिळालं.

माझा सीआयएन १ आला. पुढची टेस्ट वर्षाने, ती तारीख कॅलेंडरवर लिहून त्याच्या पंधरा दिवस आधीच्या चौकोनात लिहिलंय, जावेला फोन करणे.